भीतीच्या सतरा पायऱ्या

१९१८ च्या सप्टेंबरअखेरीस बुडापेस्टमध्ये मनोविश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पहिले महायुद्ध अजून संपले नव्हते. आघाडीवरून थरथरत परतलेल्या सैनिकांचे करायचे काय, हा प्रश्न मध्य युरोपातल्या सरकारांपुढे होता. त्यामुळे सरकारी प्रतिनिधीही परिषदेला येऊन बसले होते. या परिषदेत सिग्मंड फ्रॉइड यांनी एक भाषण केले. त्यात दोन गोष्टी त्यांनी जवळजवळ ओघात सांगितल्या.

पहिली गोष्ट अशी, की रस्त्यावर एकट्याने जायला घाबरणारा रुग्ण नुसता कोचावर पडून बोलत राहिला, तर त्याची भीती जाईलच असे नाही. केव्हा तरी वैद्याने त्याला रस्त्यावर जायला उद्युक्त केले पाहिजे आणि भीती वाटत असतानाच तिच्याशी झुंजायला लावले पाहिजे. दुसरी गोष्ट गरिबांविषयी होती. आज ना उद्या समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी होईल, आणि गरिबाला शस्त्रक्रियेवर जेवढा हक्क आहे तेवढाच मनाच्या उपचारावरही आहे हे तिला मान्य करावे लागेल. मात्र त्या दिवशी मनोविश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात दुसऱ्या धातूंची भेसळ करावी लागेल, असेही त्यांनी बजावले.

फ्रॉइड यांची चर्चा होते ती स्वप्ने, बालपण आणि कामवासना यांच्या संदर्भात. हे भाषण फारसे कोणाला आठवत नाही. पण चिंताविकारांवरच्या उपचारांचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा याच दोन विधानांकडे यावे लागले. मी मानसशास्त्राची पदवीधर नाही. बँकेतली नोकरी सांभाळून जुनी पुस्तके आणि शोधनिबंध मिळवून वाचत आले, एवढाच माझा अधिकार. त्या वाचनातून एक गोष्ट दिसली, ती या लेखात मांडायची आहे. भीती मुळात आली कुठून, याच्या शोधाने उपचार फार पुढे गेला नाही. ती टिकून कशी राहते हे कळले, तेव्हा तो पुढे गेला. आणि त्या उपचाराच्या पायऱ्या कागदावर उतरल्या, तेव्हा तो सामान्य माणसापर्यंत पोचू लागला.

शब्दांची घालमेल

या विकाराला मराठीत शब्द कमी नाहीत. काळजी, चिंता, घोर, धास्ती, धसका, धाकधूक, हुरहूर, घालमेल. शिवाय शरीराची साक्ष देणारे वाक्प्रचार वेगळेच. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, ऊर दडपतो. मन आणि शरीर वेगळे नाहीत हे आपल्या भाषेने फार आधी ओळखले होते, असे यावरून वाटते. युरोपीय भाषांतही तसेच आहे. ‘अँग्झायटी’ आणि जर्मन ‘अँग्स्ट’ हे शब्द ज्या मुळातून आले त्याचा अर्थ आवळणे, अरुंद होणे असा आहे. वेदांतला ‘अंहस्’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळातला मानतात.

पण आपल्या ‘काळजी’त एक अडचण आहे. ‘काळजी घे’ आणि ‘काळजी करू नकोस’ ही दोन्ही वाक्ये आपण एका श्वासात बोलतो. काळजी करणे म्हणजे माया असणे. जी आई काळजी करत नाही, ती कसली आई? त्यामुळे काळजीने माणूस आजारी पडू शकतो, आणि त्या आजाराला उपचार असतो, हे गळी उतरायला आपल्याकडे वेळ लागतो. मुलाला यायला उशीर झाला म्हणून जीव खालीवर होणे हा आजार नव्हे. पण उशीर झाला नसतानाही रोज सहा महिने तसेच होत राहिले, झोप उडाली, कामात लक्ष लागेना, तर तो विकार आहे. आजचे मानसोपचारतज्ज्ञ साधारण अशीच रेघ ओढतात.

हृदय आणि चौक

ही रेघ ओढायला वैद्यकाला बराच काळ लागला. १८७१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब मेंडेस डा कोस्टा यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. या सैनिकांची छाती धडधडे, दम लागे, छातीत कळ येई. पण तपासले तर हृदयात दोष सापडत नसे. डा कोस्टांनी याला ‘चिडके हृदय’ म्हटले. पुढे ‘सैनिकाचे हृदय’ हे नाव रूढ झाले.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल यांनी तीन पुरुषांच्या हकिकती नोंदवल्या. हे तिघेही धडधाकट होते, पण मोकळा चौक किंवा रिकामा रस्ता ओलांडताना त्यांना घाम फुटे आणि पाय उचलत नसे. वेस्टफाल यांनी या प्रकाराला ‘अ‍ॅगोराफोबिया’ असे नाव दिले. त्यांनी आणखी एक बारीक निरीक्षण टिपले होते. सोबत कोणी असले, एखादी गाडी शेजारून चालली असली, नुसती हातात काठी असली, तरी ही माणसे तोच चौक पार करत.

हे वाचताना मला माझी एक मावशी आठवली. ती सुमारे वीस वर्षे एकटी घराबाहेर पडली नाही. शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी बरोबर असली तरी ती भाजी घेऊन येई. त्या मुलीने संकटात मावशीला काय वाचवले असते? पण मुलगी नसली की मावशी कोपऱ्यावरून परत. तीनदा कार्डिओग्राम काढला. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही.’ घरच्यांना हायसे वाटले. ती मात्र दर वेळी अधिक खचली, कारण जे होत होते ते तिला तर होतच होते. मग ‘मन घट्ट कर’ हा सल्ला सुरू झाला. मन घट्ट कसे करायचे, पहिल्या दिवशी काय करायचे आणि दुसऱ्या दिवशी काय, हे कोणीच सांगितले नाही. ज्यांनी हे सांगायला सुरुवात केली, त्यांचा इतिहास मी शोधू लागले त्यामागे तीही होती.

पीटर आणि ससा

ती सुरुवात एका तरुण बाईने केली. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी ‘लहानगा अल्बर्ट’ या तान्ह्या बाळावर एक प्रयोग केला होता. बाळासमोर पांढरा उंदीर ठेवायचा आणि त्याच वेळी मागे लोखंडी दांडीवर हातोडी आपटायची. होता होता बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागले. भीती शिकवता येते हे वॉटसन यांनी सिद्ध केले. ती उतरवण्याआधीच ते बाळ तिथून गेले.

रेनर यांची महाविद्यालयातली मैत्रीण मेरी कव्हर जोन्स यांना उलटा प्रश्न पडला. शिकलेली भीती विसरवता येईल का? त्यांना पीटर नावाचा दोन वर्षे दहा महिन्यांचा मुलगा मिळाला. तो सशाला घाबरे, आणि फरचा कोट, पिसे, कापूस यांनाही. जोन्स यांनी पीटरला उंच खुर्चीत बसवून त्याच्या आवडीचे खायला दिले आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला. इतका दूर, की त्याच्या खाण्यात व्यत्यय येऊ नये. मग रोज थोडा जवळ. काही वेळा सशाला न घाबरणारी इतर मुलेही खोलीत असत.

१९२४ च्या त्यांच्या निबंधात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक यादी. ससा खोलीत कुठेही, पिंजऱ्यात असला तरी भीती, ही पहिली पायरी. मग बारा फुटांवर चालतो, चार फुटांवर चालतो, तीन फुटांवर चालतो, ससा मोकळा फिरलेला चालतो, असे करत सतराव्या पायरीवर पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देतो. भीतीच्या उपचाराची इतकी साधी, मोजता येणारी नोंद त्याआधी माझ्या वाचनात नाही.

ही चढण सरळ नव्हती. मध्येच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि तो दोनेक महिने रुग्णालयात होता. परतताना टॅक्सीत बसतेवेळी एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला, आणि सगळी भीती परत आली. जोन्स यांनी हे लपवले नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आज थेरपी घेणाऱ्या अनेकांना मध्येच एक वाईट आठवडा येतो आणि सारे वाया गेले असे वाटते. त्यांनी या मुलाची गोष्ट जरूर वाचावी.

पिंजऱ्याबाहेरचे जेवण

जोन्स यांच्या निबंधाकडे पुढे बरीच वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. त्यांची पद्धत प्रौढांच्या दवाखान्यात आणली ती जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात वैद्यकीय अधिकारी होते. युद्धाने हादरलेल्या सैनिकांना गुंगीचे औषध देऊन त्यांच्याकडून आठवणी वदवून घेण्याची तेव्हा रीत होती. आराम पडे, पण टिकत नसे. निराश झालेल्या वोल्पेंनी जोहान्सबर्गला परतून मांजरांवर प्रयोग केले. आज ते वाचवत नाहीत. पिंजऱ्यात विजेचे झटके बसलेली मांजरे त्या खोलीत अन्नाला तोंड लावेनात. मग वोल्पेंनी त्यांना आधी त्या खोलीशी थोडेसेच साम्य असलेल्या खोलीत खाऊ घातले, नंतर अधिक साम्य असलेल्या, आणि शेवटी त्याच पिंजऱ्यात.

माणसांसाठी त्यांनी अन्नाऐवजी स्नायू सैल सोडण्याचे तंत्र घेतले. हे तंत्र शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या पुस्तकात मांडले होते. रुग्णाने आपल्या भीतींची चढती यादी करायची, अंग सैल सोडायचे आणि सर्वांत सौम्य प्रसंग मनात आणायचा. तो निवांतपणे आणता आला की पुढचा. १९५८ मध्ये वोल्पेंचे पुस्तक आले. आपले दहापैकी नऊ रुग्ण बरे झाले किंवा बरेच सुधारले, हा त्यांचा दावा अनेकांना पटला नाही, आणि त्या आकड्यांवर वाद झाले. पण त्या वादाने एक चांगले काम केले. मानसोपचाराची इतर औषधांसारखी चाचणी घ्यावी लागते, हे त्यानंतर मान्य होत गेले.

अशा चाचण्यांतूनच पुढे लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आयझॅक मार्क्स आणि इतरांच्या ध्यानात आले, की अंग सैल सोडणे उपयोगी असले तरी अनिवार्य नाही. अनिवार्य आहे ते सामोरे जाणे. आणि भीती ओसरेपर्यंत तिथे थांबणे. चौकातून परत फिरले की तात्काळ सुटका होते, आणि ती सुटकाच भीतीला खतपाणी घालते. सोबतची शेजारची मुलगी हीदेखील तशीच एक सुटका.

ज्यांनी स्वतः सोसले

या इतिहासातल्या काही व्यक्ती स्वतःच या त्रासातून गेल्या होत्या. सिडनीच्या क्लेअर वीक्स मुळात प्राणिशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांना क्षयाचे चुकीचे निदान होऊन त्या आरोग्यधामात काही महिने राहिल्या. बाहेर आल्यावर छातीची धडधड थांबेना. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले, की खंदकात आमचेही असेच होई. हृदय घाबरले आहे इतकेच, आणि तुम्ही त्या धडधडीलाच घाबरता म्हणून ती चालू राहते. डा कोस्टांच्या सैनिकांचे कोडे एका सैनिकानेच असे दोन वाक्यांत सोडवले होते. वीक्स पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. सामोरे जा, स्वीकारा, तरंगत पुढे सरका, वेळ जाऊ द्या, अशा त्यांच्या चार सूचना होत्या. बऱ्याच तज्ज्ञांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. वाचकांनी केले नाही.

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी, की एका महिन्यात ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की तिच्या शेजारी बसून बोलायचे, असे त्यांनी ठरवले. सुमारे तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणे झाले. एकीने भेटायचे कबूल केले आणि ती आली नाही. त्या बायकांना हा उपद्व्याप कसा वाटला असेल, हा प्रश्न मला पडल्याशिवाय राहत नाही. पण एलिसना जे कळायचे ते कळले. शंभर नकारांनी आभाळ कोसळले नाही.

१९५५ पासून त्यांनी मांडलेल्या उपचाराचा गाभा यातच आहे. प्रसंग आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा झाली. ‘मला यश मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही सक्ती झाली, आणि चिंता सक्तीतून उपजते. आपण हे ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडून शिकलो, असे एलिस मोकळेपणाने सांगत. मराठी वाचकाला हे विचार परके नाहीत, त्याचे बरेचसे श्रेय मुंबईचे कि. मो. फडके यांना जाते. त्यांचा एलिसशी अनेक वर्षे पत्रव्यवहार होता, आणि ‘विवेकनिष्ठ’ हे विशेषण या उपचाराला मराठीत चिकटले ते अशा लेखनातून. १९९० मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या ‘आयपीएच’ या संस्थेमार्फत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी हीच पद्धत कार्यशाळा आणि व्याख्यानांतून लोकांपर्यंत नेली.

फिलाडेल्फियाचे एरन बेक मूळचे मनोविश्लेषक. लहानपणी मोडलेल्या हाताला जंतुसंसर्ग होऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि नंतर रक्त व जखमा यांची भीती त्यांच्या मनात बसली. वैद्यकीय शिक्षणात शस्त्रक्रियागृहात उभे राहून त्यांनी ती घालवली. त्यांच्या कोचावरची एक रुग्ण रंगवून रंगवून आपल्या आयुष्यातले किस्से सांगे, आणि तरी अस्वस्थ असे. बेकनी खोदून विचारल्यावर कळले, की बोलताना तिच्या मनात दुसराच एक प्रवाह चालू होता: डॉक्टरांना माझा कंटाळा तर येत नाही ना? अशा आपोआप उमटणाऱ्या विचारांना पकडायचे, कागदावर उतरवायचे आणि पुराव्यावर घासून पाहायचे, ही बेक यांची पद्धत. वोल्पेंच्या पायऱ्या आणि बेक यांची वही एकत्र आली, आणि आज जिला सीबीटी म्हणतात ती थेरपी आकाराला आली.

परळची एक नोंद

याच काळात मुंबईत एक प्रयोग झाला, तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती चिंता आणि तत्सम विकारांच्या रुग्णांवर वापरून पाहिली. पुढे अमेरिकेत नावारूपाला आलेले डॉ. दिलीप जेस्ते तेव्हा त्यांचे तरुण सहकारी होते. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान असा त्यांचा क्रम होता. योग चांगला एवढे म्हणून ते थांबले नाहीत. एका गटाला त्यांनी सगळे टप्पे दिले, तर दुसऱ्याला आसन-श्वसनासारख्या दिसणाऱ्या हालचाली तेवढ्या दिल्या. मग दोन्ही गटांची तुलना केली. पूर्ण पद्धत घेतलेल्यांत अधिक सुधारणा दिसली, असे त्यांनी १९७३ च्या सुमारास प्रसिद्ध केले. पुढच्या काळात चाचण्या जितक्या काटेकोर झाल्या त्या मापाने हे काम प्राथमिकच. पण ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणण्यापेक्षा ‘पूर्वजांचे आपण तपासून पाहू’ म्हणणे अवघड असते, आणि परळमध्ये ते कोणी तरी म्हटले होते.

धडधडीचे वर्तुळ

डा कोस्टांच्या सैनिकांना शास्त्रीय उत्तर मिळाले ते १९८६ मध्ये. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिकच्या झटक्याचे वर्तुळ मांडले. छातीत जरा धडधडते. मन म्हणते, हार्ट अटॅक येतोय. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि मनाला पुरावा मिळतो. काही मिनिटांत माणूस आपत्कालीन विभागात.

या वर्तुळाला छेद कसा देतात? थेरपिस्ट रुग्णाला खोलीतच दोनेक मिनिटे मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतो. चक्कर, मुंग्या, धडधड, सगळे जसेच्या तसे येते. मग विचारतो, हे आत्ता आपणच आणले ना? तर काल आले ते कशाचे असेल? नंतर रुग्ण कठड्याचा आधार न घेता जिना चढतो, पाण्याची बाटली घरी ठेवून बाहेर जातो, धडधड होत असताना खाली न बसता उभा राहतो. प्रत्येक वेळी आधी लिहायचे, ‘काय होईल असे वाटते?’ आणि नंतर लिहायचे, ‘काय झाले?’ अशा नोंदी आठवडाभरात वीस-पंचवीस झाल्या, की कोणाच्या उपदेशाची गरज उरत नाही. अर्थात हृदयाची तपासणी आधी व्हायलाच हवी. फक्त ‘काही नाही’ या उत्तरापुढे एक वाक्य हवे: ‘हृदयात काही नाही, पण तुम्हाला जे होते त्याला नाव आहे आणि उपचार आहे.’

झटके न येता सतत जाळणाऱ्या काळजीसाठी वेगळे उपाय निघाले. अमेरिकेत टॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये सुचवलेला उपाय एखाद्या आजीनेही सुचवला असता असा आहे. काळजी करायला रोज ठरलेल्या जागी अर्धा तास राखून ठेवायचा. इतर वेळी काळजी आली की तिला तोपर्यंत थांबायला सांगायचे. काळजी करूच नकोस, असे इथे कोणी सांगत नाही. तिला वेळ दिला जातो, आणि चोवीस तासांचा ताबा तेवढा काढून घेतला जातो.

थेरपीने सगळेच बरे होतात असे नाही. काही जण मध्येच सोडतात, काहींची भीती पीटरसारखी परतते, आणि काहींना सोबत औषधांची गरज लागते. १९६० च्या दशकात लिब्रियम आणि व्हॅलियम या गोळ्यांनी चमत्कार केल्यासारखे वाटले, पुढे त्यांची सवय लागते हे कळले. आजची औषधे त्याहून निराळी आहेत आणि अनेकांना ती उभे राहण्यापुरते बळ देतात. चालायचे मात्र स्वतःलाच असते.

तांबे मिसळलेले सोने

आता फ्रॉइड यांचे दुसरे विधान. बर्लिनमध्ये १९२० ला आणि व्हिएन्नात १९२२ ला मनोविश्लेषकांनी मोफत दवाखाने काढलेही होते. नाझींच्या काळात ते विझले. त्यानंतर मानसोपचार म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आणि वेळ आहे त्याची चैन, अशीच दीर्घकाळ स्थिती राहिली.

२००३ मध्ये ब्रिटिश अकादमीच्या एका चहापानात अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयार्ड आणि आपण वर भेटलो ते डेव्हिड क्लार्क यांची गाठ पडली. मानसिक आजारांनी देशाचे किती नुकसान होते हे लेयार्डना ठाऊक होते, आणि त्यावर तपासून पाहिलेला उपचार कोणता हे क्लार्कना. त्यांच्या पाठपुराव्यातून २००८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मोफत थेरपीची योजना सुरू झाली. आज दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक तिचा लाभ घेतात. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे बरे होतात.

इंग्लंडकडे पैसा होता. तो नसेल तर काय, याचे एक उत्तर गोव्यातून आले. ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून तिथे काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मानस’ नावाची चाचणी घेतली. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने तिच्यात सामील होते. मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले गेले. डोकेदुखी, अंगदुखी, थकवा, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन आलेल्यांशी त्या बोलत, त्रासाचे स्वरूप समजावून सांगत, श्वसनाचे व्यायाम शिकवत आणि गरजेप्रमाणे पुढचा उपचार देत. ‘मनोरुग्ण’ हा शब्द टाळून लोकांच्या तोंडचा ‘टेन्शन’ हाच शब्द त्यांनी वापरला.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत आलेल्या, चिंता वा नैराश्य यांचे निदान झालेल्या रुग्णांपैकी या बायांची मदत मिळालेले सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले होते. नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, कारण तिथे नेहमीच्या उपचारानेही बरेच जण सुधारले होते. म्हणजे ज्यांच्याशी एरवी कोणी निवांत बोलत नाही, त्यांनाच या बायांचा सर्वाधिक उपयोग झाला.

हेच ते मिसळलेले तांबे. फ्रॉइडना ते नाइलाजाने मिसळावे लागेल असे वाटले होते. मला मात्र हा इतिहास वाचून वाटते, की उपचार टिकाऊ झाला तो या मिश्रणामुळेच. शुद्ध सोने एका गुरूकडून एका शिष्याकडे जाते. यादी, वही, श्वसनाचा व्यायाम या गोष्टी आरोग्य केंद्रातल्या बाकावर बसून शिकवता येतात.

आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क मानला आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही मोफत सरकारी दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे. पण तालुक्याच्या गावी प्रशिक्षित थेरपिस्ट मिळणे आजही दुर्मीळ आणि शहरात मिळाला तर त्याची फी परवडणे कठीण. डॉक्टरांचे ‘काही नाही’ आणि घरच्यांचे ‘मन घट्ट कर’ यांच्या मधली जागा अजून बरीचशी रिकामीच आहे.

मेरी कव्हर जोन्स यांच्या निबंधाच्या शेवटी एक नोंद आहे. पीटर आता आपल्या घरी परतला आहे. घरची परिस्थिती अवघड आहे, तिच्यावर संशोधिकेचे काही चालत नाही. पण ती त्याला अधूनमधून भेटते, सहज बोलता बोलता सशाचा विषय काढते, आणि मुलाला तो ससा अजूनही आवडतो.